चाल सुचते, पण कागदावर उतरत नाही

«मी डिचोली तालुक्यात राहते. बारावी सायन्सला आहे. हार्मोनियमची मध्यमा पूर्ण झाली, कीबोर्डच्या तीन ग्रेड दिल्या. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकाला गेली दोन वर्षं चाली आणि पार्श्वसंगीत मीच देते. सगळ्या चाली मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवते आणि तालमीला स्वतः वाजवून दाखवते. मला गायिका किंवा वादक नाही, संगीतकार व्हायचंय. विद्यापीठात कॉम्पोझिशनची पदवी असते असं कळलं, पण गोव्यात तसं काही सापडत नाही. बाबा म्हणतात, आधी बी.एस्सी. कर, संगीत काय पळून जातंय? पदवी घेतली तर संगीतकार होता येतं का? कुठं घ्यावी? आणि यात पोट भरतं का? — एक वाचक»

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू सहज लिहून गेलीस. चाली मोबाईलमध्ये आहेत आणि तालमीला तू स्वतः वाजवून दाखवतेस. म्हणजे तू एक दिवस तापाने झोपलीस की तालीम बंद. पेडण्याचा एखादा व्हायोलिनवाला मदतीला आला, तर त्याला देण्यासारखा एक कागदही तुझ्याकडे नाही. चाल सुचणं आणि ती दुसऱ्याला वाजवता येईल अशी लिहिणं, यांतलं अंतर म्हणजेच कॉम्पोझिशनचं शिक्षण. पदवीचा विचार तिथूनच सुरू करायला हवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पदवीने कुणी संगीतकार होत नाही आणि पदवी नाही म्हणून कुणी अडवतही नाही. मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी रचनेच्या वर्गात बसून संगीतकार झाले नाहीत, गुरूंकडची तालीम आणि रंगभूमी यांनी त्यांना घडवलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या हिंदी सिनेमात अरेंजर म्हणून काम करत होते. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि त्यांच्या हातात होतं ते स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी. गोव्याची किती तरी माणसं त्या काळात मुंबईच्या स्टुडिओत पोचली. त्यामागे चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणी मिळालेलं सोल्फाचं, म्हणजे डो-रे-मी पद्धतीचं, वाचन होतं. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि ही मंडळी ती चाळीस वादकांसाठी कागदावर उतरवायची. तू आज जिथं उभी आहेस तिथं दोन्ही कामं तुलाच करावी लागणार आहेत.

मग विद्यापीठ देतं काय? एक, दर आठवड्याला साधारण तासभर एकटीला मिळणारा शिक्षक, जो तुझ्या पानावर पेन्सिल घेऊन बसतो. दोन, मुदत. तीन, आणि खरं तर हेच पहिलं : वादक. शेजारच्या खोलीत बासरी शिकणारा, व्हायोला शिकणारी, गाणारे आठ जण, ज्यांना तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी रचना वाजवून दाखवायच्या असतात. त्यामुळे कुठलंही कॉलेज पाहताना माहितीपत्रकातले स्टुडिओचे फोटो बाजूला ठेव आणि एकच प्रश्न विचार : इथल्या विद्यार्थ्याने लिहिलेलं वर्षातून किती वेळा जिवंत वादकांकडून वाजवलं जातं आणि त्याचं रेकॉर्डिंग हातात मिळतं का? उत्तर "सॉफ्टवेअर लॅब चोवीस तास उघडी असते" असं आलं, तर ते कॉम्पोझिशनचं कॉलेज नाही. प्रॉडक्शनचं असेल. ते वाईट नाही, पण तू विचारतेस ते ते नव्हे.

हा आग्रह का, ते एका उदाहरणात सांगतो. संगणकावर तू बासरीला चौदा मात्रांचा अखंड सूर दिलास, खाली ट्रम्पेट आणि ड्रम. हेडफोनवर सुंदर ऐकू येतं. प्रत्यक्षात बासरीवाल्याचा श्वास संपतो. तू तो सूर खालच्या सप्तकात लिहिलेला असतो, तिथं पाश्चात्त्य बासरीचा आवाज मुळात दुबळा, त्यावर ट्रम्पेट बसलं की बासरी वाजते आहे की नाही हे वाजवणाऱ्याच्या आईलाही कळत नाही. संगणकाला श्वास नसतो आणि प्रत्येक वाद्याचा आवाज बटणाने मोठा करता येतो, म्हणून ही चूक तो कधीच दाखवत नाही. ती पहिल्या तालमीला, दहा जणांसमोर दिसते. पदवीच्या तीन-चार वर्षांत अशा वीस-पंचवीस फजित्या होतात, आणि फीचा मोठा भाग आपण त्यांचाच भरतो असं समज.

आता गोव्यात काय आहे. पणजीच्या आल्तिनोवरचं गोवा संगीत महाविद्यालय गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथला रोख हिंदुस्थानी गायन-वादनावर. कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात पियानो, व्हायोलिन आणि थिअरी शिकता येते. रचनेची स्वतंत्र पदवी तुला सापडली नाही त्यात तुझ्या शोधण्याची चूक नाही. पण पुढच्या दीड-दोन वर्षांची तयारी गोव्यातच होते, आणि काही बाबतींत पुण्या-मुंबईपेक्षा चांगली होते. चार आवाजांत गाणारी चर्चची कॉयर, लग्नातले ब्रास बँड, भजनी मंडळं, नाटकं आणि घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवणारी पोरं एका तासाच्या अंतरात मिळतील असे भाग देशात फार नाहीत.

गोव्याबाहेर, पण देशात : पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातलं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवतं. कागदावर तो गायन-वादनाचा अभ्यासक्रम आहे, पण नाटकवाले त्याच आवारात असतात, आणि नाटकाला संगीत देणाऱ्या मुलीसाठी ही फार मोठी सोय आहे. चेन्नईची के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केली. तिथं पाश्चात्त्य संगीत, हिंदुस्थानी संगीत आणि तंत्रज्ञान एकाच छपराखाली आहे. खाजगी संस्था आहे, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मोजून बघावे लागतील.

परदेशाचं गणित वेगळं. इंग्लंडच्या कॉन्झर्व्हेटरींसाठी, म्हणजे संगीत महाविद्यालयांसाठी, एकत्रित अर्ज करावा लागतो आणि संगीताची मुदत प्रवेशाच्या आधीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. म्हणजे बारावीचा निकाल हातात घेऊन अर्ज करायला गेलीस तर गाडी आठ महिन्यांपूर्वीच सुटलेली असते. परदेशी विद्यार्थ्याला फी वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या आसपास किंवा पुढेच पडते, राहणं-खाणं वेगळं. कर्ज काढून हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्या संगीतकाराच्या पहिल्या पाच वर्षांच्या कमाईतून एवढा हप्ता निघत नाही.

जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी. बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. व्हिसासाठी सध्याच्या नियमाने महिना ९९२ युरोंच्या हिशेबाने वर्षाची रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते. भाषा जर्मन, आणि प्रवेशपरीक्षेत रचनांबरोबर पियानो, श्रवण आणि थिअरी असते. जागा मोजक्या. गोव्यातल्या काही घरांत पोर्तुगीज नागरिकत्वाचा विषय निघतोच, म्हणून तेही सांगतो. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना पोर्तुगालच्या सरकारी संस्थांत पदवीची फी वर्षाला ६९७ युरोंपेक्षा जास्त पडत नाही, आणि लिस्बनच्या संगीत महाविद्यालयात रचनेची पदवी आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. केवळ कॉलेजच्या फीसाठी असा निर्णय घेऊ नये, आणि घ्यायचाच तर वकिलाला विचारून.

बाबांचं म्हणणं यात अर्धं बरोबर निघतं. या वर्षीची परदेशाची मुदत तशीही गेलेली असणार. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष धर, फिजिक्स घे, ध्वनी आणि कंपनांचा भाग पुढे रोज उपयोगी पडतो. मात्र "आधी बी.एस्सी., मग संगीत" हा क्रम घेऊ नकोस. दोन्ही एकाच वेळी. कान आणि हात विशीच्या आत लवकर तयार होतात. शिवाय काही विद्यापीठं रचनेच्या पदव्युत्तर वर्गाला दुसऱ्या शाखेचा पदवीधरही घेतात, पोर्टफोलिओ चांगला असेल तर. म्हणजे बी.एस्सी. पूर्ण केलीस तरी दार बंद होत नाही.

तयारीत पहिलं काम डाव्या हाताचं. हार्मोनियमवाल्यांचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो. उजव्या हाताची बोटं पाण्यासारखी फिरतात आणि डाव्याला साधा चार सुरांचा बेस धरता येत नाही. प्रवेशपरीक्षेत कीबोर्डसमोर बसवून एखाद्या ओळीला खालून सूर लावायला सांगतात, तिथं मध्यमा पूर्ण असलेली मुलं नेमकी अडकतात. रोज वीस मिनिटं फक्त डावा हात. उजव्या हाताने तुझीच चाल, डाव्याने प्रत्येक मात्रेला एकच सूर, आणि तो सूर दर वेळी 'सा' असता कामा नये.

दुसरं काम थिअरी. एबीआरएसएम या इंग्लंडच्या परीक्षा मंडळाची पाचवी ग्रेड हे पहिलं मुक्कामाचं ठिकाण समज. त्या मंडळाच्या सहावी ते आठवीच्या प्रात्यक्षिक परीक्षांना बसण्याआधी ती किंवा तिला पर्याय म्हणून चालणारी परीक्षा लागते. त्यात निरनिराळे क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते ठरवणाऱ्या खुणा) येतात आणि ट्रान्स्पोज होणारी, म्हणजे कागदावरच्या सुरापेक्षा वेगळा सूर देणारी, वाद्यं येतात. रोज पाऊण तास दिलास तर सहा ते आठ महिने पुरतात. भातखंडे किंवा पलुसकर यांची भारतीय स्वरलिपी सोडायला कुणी सांगत नाही. एकट्या चालीसाठी आणि तालासाठी ती उत्तम आहे. पण पाच वाद्यं एकाच वेळी निरनिराळं काय वाजवतात, कुठं मोठ्याने, कुठं हळू, कोण कधी श्वास घेतो, हे तिच्यात मांडताना दम लागतो.

ग्रेड झाली की चार आवाजांचं हार्मनी लिहायला लागशील. तिथं पहिले दोन महिने वहीभर लाल खुणा येतील, बहुतेक समांतर पंचम आणि समांतर सप्तक यांच्यासाठी. नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घे. दोन आवाज पंचमाचं अंतर राखून एकाच दिशेने सरकले की कानाला दोन माणसं ऐकू येत नाहीत, एकच जाड आवाज ऐकू येतो. चार माणसं बोलावून तिघांचंच काम घेतल्यासारखं होतं. हे कानाने कळायचं असेल तर रविवारी जवळच्या चर्चमध्ये कॉयरच्या तालमीला बसायची परवानगी माग. शिकवणारे सर सहसा नाही म्हणत नाहीत. आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाणाऱ्यांच्या मागे बस. मधला आवाज ऐकायला शिकलीस की निम्मं काम झालं.

आता तुझ्यासारख्या, रागातून आलेल्या मुलांची एक हमखास चूक. जरा सविस्तर सांगायला हवी.

समज तुझ्याकडे भैरवातली चाल आहे. सा पांढरी एकवर, म्हणजे पाश्चात्त्य सी-वर, घेऊ. सूर मिळतात सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नी. यूट्यूबवर शिकलेलं मूल लगेच तीन कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन सूर) लावतं : सा-ची, म-ची आणि प-ची. सा-ग-प जमतं. म-ध-सा मध्ये कोमल धैवत असल्याने ती मायनर होते, तीही जमते. प-ची कॉर्ड म्हणजे प-नी-रे. बोटं सवयीने शुद्ध रिषभावर जातात, आणि त्या क्षणी भैरव संपतो. ऐकणाऱ्या आजोबांना कारण सांगता येणार नाही, पण कपाळावर आठी पडेल. कोमल रिषभ घेतलास तर प-नी-रे ही कॉर्ड तुटकी, अधांतरी वाजते, तिच्यावर थांबता येत नाही. उपाय काय? प-ची कॉर्ड मागतेस कशाला? कोमल रे वरची कॉर्ड, रे-म-ध, ही सरळ मेजर आहे आणि पूर्ण भैरवाच्या सुरांत बसते. तिच्यावरून सा-वर उतरलीस की भैरवाचा रे-सा हा जो प्राण आहे, तोच खालच्या आवाजातही ऐकू येतो. किंवा कॉर्ड सोडूनच दे. व्हायोलाला सा-प धरायला दे, आणि चेलोला चालीच्या दोन मात्रा मागून येणारी दुसरी ओळ लिही. प्रवेशाच्या मुलाखतीत रागाला पाश्चात्त्य कॉर्ड चिकटवलेल्या रचना दर वर्षी येतात. राग का मोडला नाही हे कीबोर्डवर बसून समजावणारी मुलगी मात्र लक्षात राहते.

असाच दुसरा घोळ सा कुठला घ्यायचा याचा. आपल्याकडे गायकाची पट्टी ठरते आणि बाकी सगळे जुळवून घेतात. लिहून द्यायचं म्हटलं की वाद्यांचं ऐकावं लागतं. गायक काळी एकवर गातो. त्या पट्टीच्या मेजर सप्तकात व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारांपैकी एकही सूर बसत नाही. नवशिक्या व्हायोलिनवाल्यांचा सूर डळमळतो आणि आवाज मंद वाटतो. तीच चाल अर्ध्या सुराने वर, पांढरी दोनवर नेलीस, तर चारही मोकळ्या तारा सप्तकात येतात आणि तेच चार जण आठ असल्यासारखे वाजतात. ट्रम्पेटचं उलटं. बँडमधलं ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणजे जो सूर हवा त्याच्या एक पूर्ण सूर वर लिहावा लागतो. काळी पाचवर गाणाऱ्या गायिकेसाठी ट्रम्पेटच्या कागदावर सी मेजर येतं, एकही फ्लॅट-शार्प नाही, तो खूश. पांढरी दोनला त्याच्या कागदावर चार शार्प येतात, तो तोंड वेडंवाकडं करतो. म्हणून चाल बांधण्याआधी वाद्यं ठरव, मग गायकाशी अर्ध्या-एका सुराची घासाघीस कर. हार्मोनियम असेल तर ती आधी ट्यूनरवर तपास. जुन्या पेट्या ४४० वर, म्हणजे आजच्या प्रमाण सुरावर, असतीलच असं नाही, आणि पेटी काही वाकत नाही, बाकीच्यांनाच वाकावं लागतं. आणि घुमट वापरलंस तर त्यासाठी शेळीचं कातडंच सांग. घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

पोर्टफोलिओ. बहुतेक ठिकाणी दोन ते चार रचना मागतात. आमचा सल्ला तीनचा, मिळून आठ ते बारा मिनिटं. एक, एकट्या वाद्यासाठी दोन-तीन मिनिटांची, हार्मोनियम सोडून दुसऱ्या वाद्याची. एक, तीन ते पाच वादकांसाठी. आणि एक आवाजासाठी, मराठी किंवा कोंकणी शब्दांवर. परीक्षकाला शब्द कळत नाहीत म्हणून इंग्रजी घेऊ नकोस. तू बोलतेस त्या भाषेचे आघात तुला कळतात, ते सुरावटीत दिसतील. भाषांतर वेगळं जोड. प्रत्येकीचा स्कोअर पीडीएफमध्ये आणि जिवंत वादकांचं रेकॉर्डिंग. किंचित बेसूर पण माणसांनी वाजवलेलं रेकॉर्डिंग, गुळगुळीत संगणकी आवाजापेक्षा जास्त वजनदार ठरतं. देवळाचा सभामंडप नको, तिथं प्रतिध्वनी फार. शाळेचा वर्ग, खिडक्यांना चादरी, फोन किंवा रेकॉर्डर वादकांपासून दोन-तीन मीटरवर, पंखा बंद.

स्कोअरवर काय विसरतात, ते सांगून ठेवतो. लयीचा आकडा. हळू-मोठ्याच्या खुणा. पट्टीच्या (इथं पट्टी म्हणजे बार, दोन उभ्या रेघांमधला भाग) क्रमांकांचा अभाव तर नेहमीचाच, मग तालमीत "त्या वरच्या सुरापासून घेऊया" म्हणत पाच मिनिटं जातात, आणि तुझ्या वाट्याला वीसच असतात. वादकाच्या सुट्या कागदावर स्टाफची उंची सात मिलिमीटरच्या आसपास ठेव. त्याहून बारीक छापलंस तर दोन फुटांवरून दिसत नाही. पान उलटायची जागा त्याला विश्रांती असेल तिथंच यायला हवी, कारण व्हायोलिन वाजवताना तिसरा हात नसतो. वीस पट्ट्या गप्प बसून मग वाजवायचं असेल, तर आत येण्याआधी दुसऱ्या कुणाची तरी ओळ बारीक अक्षरात छाप, म्हणजे मोजण्यात चूक झाली तरी तो सावरतो.

सामानाला फार पैसे घालू नकोस. नोटेशनला म्यूझस्कोर फुकट आहे आणि पदवीपर्यंत पुरतं. फिनाले हे नोटेशनचंच दुसरं सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नकोस, ते कंपनीने २०२४ मध्ये बंद केलं. रेकॉर्डिंगला रीपर, वैयक्तिक परवाना ६० डॉलर. दोन माईक लागतील असा ऑडिओ इंटरफेस, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि बंद कपाचा साधा हेडफोन. आपल्या पावसाळ्यात कंडेन्सर माईकला बुरशी धरते, तो सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेव. लॅपटॉपपेक्षा आधी यूपीएस घे, हे डिचोलीत कुणाला समजावून सांगायला नको.

नाटकानंतर पहिलं बाहेरचं काम शॉर्ट फिल्मचं येतं. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होत असल्यामुळे इथं कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पोरांची वाण नाही. तिथं एक छोटं गणित लागतं. समज, दृश्य सुरू झाल्यावर चौदाव्या सेकंदाला दार उघडतं आणि संगीत तिथं पोचायला हवं. तू मिनिटाला ९० मात्रांची लय धरलीस तर चौदा सेकंदांत २१ मात्रा होतात आणि दार चार मात्रांच्या सहाव्या पट्टीच्या (बारच्या) दुसऱ्या मात्रेवर, म्हणजे भलत्याच ठिकाणी उघडतं. उलट हिशेब कर. तीनतालाचं एक आवर्तन चौदा सेकंदांत बसवायचं : १६ गुणिले ६० भागिले १४, म्हणजे ६८.६ ची लय. सम दारावर पडते. सॉफ्टवेअर दशांशातली लय घेतं. दिग्दर्शकाला आधी एवढंच विचार : फिल्म २४ फ्रेमची की २५ ची, आणि एडिट कायम झालं का? फ्रेमचा घोळ झाला तर मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंदांचा फरक पडतो. एडिट कायम होण्याआधी संगीत लिहिलंस तर ते दोनदा लिहावं लागतं, पैसे एकदाच मिळतात.

पोट भरतं का? फक्त स्वतःच्या रचनांवर, पहिली काही वर्षं, नाही. शिकवणं, दुसऱ्याच्या चालींचं अरेंजिंग, कॉयर किंवा बँडसाठी कागद तयार करून देणं, नाटकं, जाहिराती, आणि मधूनमधून स्वतःचं, अशी पाच-सहा ठिकाणची मिळून कमाई होते. त्यातलं कागद तयार करण्याचं काम तरुण मुलं कमी लेखतात. नीट स्कोअर काढून देणारा माणूस गोव्यात मिळत नाही, आणि दुसऱ्याचे वीस स्कोअर उतरवताना जे वाद्यवृंदलेखन कळतं ते पुस्तकात नसतं. बाबांना मात्र "स्ट्रगल" वगैरे शब्द ऐकवू नकोस. महिन्याचा हिशेब वहीत मांडून दाखव.

करार मात्र पहिल्या कामापासून कागदावर. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. सिनेमात वापरलेल्या संगीताचा थिएटरबाहेर, म्हणजे टीव्ही, रेडिओ, ॲपवर वापर झाला, तर त्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. सही केली असली तरी ती अट चालत नाही. हा पैसा गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची. रचना प्रसारित व्हायला लागल्या की सभासद हो. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून समोरच्याच्या कागदात "कायमचे, जगभर" हे शब्द आहेत का ते आधी बघ, आणि असले तर मोबदला त्या मापाने माग. रचनेवरचा हक्क तुझ्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. एवढी लांब वस्तू दोन हजारांत कायमची कुणी देत नाही. अर्धे पैसे सुरुवातीला, दोन वेळा बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळे, आणि प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक पूर्ण पैसे आल्यावर.

यंदाच्या जत्रेपासूनच सुरुवात होईल. नाटकातला एकच प्रवेश घे, दीड-दोन मिनिटांचा. तो व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि तबला यांच्यासाठी लिही, तिघांना सुटे कागद दे, आणि तालमीला पेटी घरी ठेवून जा. कुठं थांबले, काय विचारलं, काय त्यांनी आपल्या मनाने बदललं, ते त्याच कागदावर पेन्सिलने टिपून ठेव. क्लॅरिनेटही बी फ्लॅटचं असतं, लिहिताना विसरू नकोस. आणि नाट्यमंडळ जे काही मानधन देईल, पाचशे असो की नारळ-शाल, त्याची पावती कर आणि तिच्यात लिही : "या वर्षीच्या प्रयोगांपुरतं."